दोनशे बारा जण पुढं

मी एक जुना मोबाईल आहे मित्रांनो, कोपऱ्यात काच तडकलेली, बॅटरी लगेच तापणारी, आणि खरं सांगू का, फार दमलोय मी, पण हे सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

माझी मालकीण स्वरूपा. चाकणला गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कंपनीत असते. तिच्याच मशीनवर पुढच्या शिफ्टला पिंकी. दोघी जिवलग, भोसरीत एका खोलीत राहतात, पण एक घरी आली की दुसरी कामावर. रविवार ओव्हरटाइममध्ये जातो. तीन वर्षांत एक संध्याकाळ सोबत नाही, आणि आता पिंकीचं लग्न ठरलं, ती लातूरला जाणार. म्हणून दोघींनी ठरवलं, डिसेंबरातल्या त्या मोठ्या गाण्यांच्या फेस्टिव्हलला जायचंच.

तिकिटं ऑनलाइन, मंगळवारी दुपारी एकला. तेव्हा स्वरूपा मशीनवर, आणि आत फोन नेऊ देत नाहीत. म्हणून तिनं मला पिंकीकडं दिलं. म्हणाली, "तू नुसता धरून बस बाई, काही दाबू नको."

एकला मी रांगेत लागलो. पुढं एकेचाळीस हजार जण! आकडा सरकायचा, अडायचा, परत सरकायचा. पिंकी मला घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसली. मोशीला नेटवर्क गेलं, आलं, मी जागा सोडली नाही. इतका तापलो की तिनं मला ओढणीत धरलं. गेट आलं तेव्हा पुढं फक्त दोनशे बारा.

आणि तिथंच घोळ झाला. त्यांच्याकडं शिफ्ट बदलताना मशीन चालू ठेवून देत नाहीत. बंद करायचं, पुसायचं, काउंटर शून्यावर आणायचा, मगच दुसरीच्या ताब्यात. समोरून स्वरूपा येताना दिसली, आणि पिंकीच्या हातानं रोजचंच केलं. पान बंद, मी बंद, ओढणीनं मला पुसलं, दिलं.

"किती राहिले गं?"

"दोनशे बाराच. लई तापला होता, बंद करून दिलाय."

स्वरूपा बघतच राहिली. "पिंके, मशीन होतं का ते?"

मला चालू केलं, तर पुढं चौसष्ट हजार. वीस मिनिटांत तिकिटं संपली.

दुसऱ्या दिवशी गेटवर स्वरूपा म्हणाली, "फेस्टिव्हलसाठी टाकलेला सुट्टीचा अर्ज मागं घेते मग."

पिंकीनं तिचा हात धरला. "नको घेऊ. मीपण नाही घेत."

फेस्टिव्हलच्या दिवशी दोघी घरी. भरीत-भाकरी झाली, गप्पा मारायच्या होत्या, लग्नाच्या साड्या बघायच्या होत्या. "पाचच मिनिटं पडू," पिंकी म्हणाली. साडेसहाला दोघी गाढ, आळीपाळीनं वापरायच्या त्या एकाच गादीवर.

मित्रांनो, फोन तापला तर त्याला थोडा टेकू द्या. आणि घरात कुणी शिफ्ट करून झोपलं असेल, तर फोनचा आवाज बंद करा. त्या संध्याकाळी मला सात कॉल आले. मी सायलेंटवर होतो. नुसता उजळायचो आणि विझायचो, दोघींपैकी कुणी कूससुद्धा बदलली नाही.