काकांना फोन करा

"ती वेबसाइट तेवढी बंद कर बाबा," मशीनकाका म्हणाले. "दुकानच राहणार नाही, तर तिचं काय काम?"

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला हा माणूस रिकाम्या फळ्यांच्या मधोमध स्टुलावर बसला होता. हत्यारं देऊन टाकली होती, पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती, आणि किल्ल्या उद्या नव्या भाडेकरूच्या हातात पडायच्या होत्या. कुणी फिरकतच नाही, मग माश्या मारत किती दिवस बसायचं? लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं.

डिझायनरला वाईट वाटलं, पण बेतानंच. न्हाव्यापासून चष्मेवाल्यापर्यंत आसपासच्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइट त्यानंच केल्या होत्या. त्यातली दोनचार दुकानं मिटायचीच, असं तो धरून चालत असे. रस्ता रुंद झाला तेव्हा काकांचं दुकान मागच्या गल्लीत आलं, त्याच सुमारास जुना फोन नंबरही गेला, म्हणून ते त्याच्याकडे आले होते. 'मोबाइलवर झकास दिसणारी वेबसाइट' हे त्याचं ब्रीद. काकांचा स्वतःचा फोन मात्र बटणांचा. आपली वेबसाइट त्यांनी एकदाच, डिझायनरच्या कॉम्प्युटरवर पाहिली होती आणि स्वतःचा फोटो बघून चक्क लाजले होते.

"तू काम चोख केलंस हो," काका आताही म्हणाले. "लोकांनाच गरज उरली नाही, त्याला तू काय करणार? बंद करण्याआधी एकदा दाखव."

त्यानं मोबाइल काढला. फोटो आला, कामांची यादी आली, खाली हिरवं बटण आलं: 'काकांना फोन करा'. हे काय, असं काकांनी विचारलं, म्हणून त्यानं ते दाबून फोन कानाला लावला. काकांच्या खिशातला फोन गप्पच राहिला.

"राँग नंबर आहे हो," कानात त्याची आई म्हणाली. ती फोन उचलताना नाव कधी बघत नाही. "इथे मशीन दुरुस्त होत नाही."

त्यानं फोन कट केला. सगळ्या वेबसाइट तो एकाच साच्यातून काढायचा आणि साच्यातल्या बटणात चाचणीसाठी घरचा जुना नंबर टाकून ठेवायचा. कॉम्प्युटरवर काकांचा नंबर बरोबर दिसत होता. मोबाइलवर नंबर जाऊन नुसतं बटण उरायचं, आणि नेमकं तेच बदलायचं राहिलं होतं. मशीन डोक्यावर घेऊन कोण येतं? लोक आधी फोन करतात. आठ महिन्यांत आईनं तीनदा जेवताना सांगितलं होतं, कुणीकुणी मशीनसाठी फोन करतं, एक बाई तर रडकुंडीला आली होती. त्यानं ते कानामागे टाकलं आणि तिला नंबर ब्लॉक करायला शिकवलं. आई हुशार, लगेच शिकली.

"लागत नाही का?" काका म्हणाले. "इथे रेंज मधूनच जाते."

मूग गिळून बसता आलं असतं. काकांनी स्वतःच सुटायची वाट करून दिली होती, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"काका, फोन येत होते," तो म्हणाला. "माझ्या घरी. बटणातला नंबर मी बदललाच नाही. चूक माझी आहे."

काकांनी पाटीकडे बघितलं.

"किती येत होते?"

"आई म्हणते, आठवड्याला चारपाच."

"म्हणजे लोक विचारत होते तर," काका म्हणाले आणि स्टुलावर जरा ताठ बसले. एखादी शिवी हासडली असती तर डिझायनरला बरं वाटलं असतं. नवा भाडेकरू थांबेल का, असं त्यानं चाचरत विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. शब्द दिला होता.

त्यानं तिथेच उभ्याउभ्या नंबर बदलला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आता लावून बघ," काका म्हणाले.

त्यानं बटण दाबलं. काकांच्या खिशात फोन वाजला. काकांनी तो थोडा वाजू दिला, हात स्वच्छ असूनही सवयीनं पँटला पुसले, आणि मग उचलला.

"हां, बोला," समोर उभ्या डिझायनरकडे न बघता ते म्हणाले. "काय झालंय मशीनला?"

डिझायनरनं फोन कानालाच धरून ठेवला.

"सावकाश सांगा," काका म्हणाले. "मी घरी येऊन बघतो." आणि त्यांचा दुसरा हात हत्यारांच्या पिशवीसाठी मागच्या खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती.