आधी काही दिलंय का?

ठकुकाकीच्या दारात सासू-सुनेची जुंपली होती, आणि तीही कुत्र्यावरून.

"आत्या, मानसाची गोळी कुत्र्याला चालत न्हाई. माज्या म्हायेरी शेजारणीनं मांजराला तापाची गोळी चारली, दुसऱ्या दिशी मेलं."

"म्या देती म्हनलं का? नुसतं इचारलं."

"इचारूबी नका. डॉक्टरला बोलवा."

"लंगड्या कुत्र्याला डॉक्टर! आमी इतकी ढोरं जगवली, ती काय डॉक्टरच्या जिवावर?"

सोनियावहिनी भांडी उचलून आत गेली. भुऱ्या अंगणात मागचा पाय उचलून उभा होता. दोन दिवसांपूर्वी भाताच्या खाचरात रानडुकरं शिरली, तेव्हा यानं उंच बांधावरून उडी टाकली आणि पाय मुरगळून घेतला. डुकरं मात्र पळवली. भात कापणीला आलेलं, काकीचा मुलगा पुण्याला कंपनीत, घरात दोघी बायकाच. त्यातून नवरा गेल्यापासून काकी त्या कुत्र्याशी जेवढं बोलायची, तेवढं आमच्या गुंजवणे गावातल्या एकाही माणसाशी बोलत नव्हती. पोटच्या पोराला जपावं तसं जपायची.

मी शेजारचाच, कुंपणाशी उभा होतो. वहिनी आत गेल्याचं बघून काकीनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"गोरखा, माज्या गुडघ्याच्या गोळ्यांचं एक पाकीट जादा आन. अर्धी मला, अर्धी त्याला. मला गुन येतो, तर त्याला का येनार न्हाई? पर सोनीला बोलू नगं."

मी कापूरहोळला गॅरेजात कामाला. मेडिकल शेजारीच. आणलं पाकीट. तेव्हा माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे.

चार दिवस काकी सकाळ-संध्याकाळ भाकरीच्या घासात गोळी दडवून चारत होती. पहिल्या दिवशी भुऱ्यानं पाय टेकला. काकीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. चौथ्या दिवशी मात्र त्यानं भाकरी हुंगून तोंड फिरवलं, आणि पाय तर पहिल्यापेक्षा जास्त सुजलेला. वहिनीनं मग सासूला न विचारता भोरच्या मंदार डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर दुपारी मोटारसायकलवर आले. मी भुऱ्याचं तोंड धरलं, त्यांनी पाय चाचपला.

"हाड शाबूत आहे. आजी, आधी काही दिलंय का? दुखण्यावरची गोळी वगैरे?"

"न्हाई."

"नक्की ना? मी आता दुखण्याचंच इंजेक्शन देणार आहे. पोटात आधीच तसलं औषध असेल तर हे देता येत नाही. आतड्याला जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. दिलं असेल तर सांगा. मी रागवणार नाही, दुसरं काहीतरी देऊ."

वहिनी सासूकडं टक लावून बघत होती. काकीनं पदर सावरला. एकदाच माझ्याकडं बघितलं.

"काय बी न्हाई दिलं, बाबा. हळद चोळली, तेवढीच."

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडत नाहीत, सुनेसमोर तर नाहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही रीत मी लहानपणापासून पाळत आलोय आणि त्या दिवशीही पाळली. डॉक्टरांनी सुई भरली तेव्हा भुऱ्याचं डोकं माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्या गोठ्यामागं रक्त ओकत होता. हगवण डांबरासारखी काळी. वहिनीनं घाबरून फोन केला. डॉक्टर लांबच्या एका वाडीत, गाय अडली होती तिथं. "दोन तासांत पोचतो," म्हणाले, "तोवर आजींना परत विचारा."

वहिनीनं फोन कानालाच धरून विचारलं, "आत्या, काय दिलंवतं का?"

"न्हाई म्हनलं न्हवं!" काकी ओरडली.

मी कुंपणाशी उभा होतो. आता बोललो, तर काल का बोलला नाहीस, हे आलंच. म्हणून दुसऱ्यांदाही गप्प राहिलो. माझी मलाच लाज वाटत होती, पण जीभ काही उचलली नाही.

दोन तास भरायच्या आतच भुऱ्या काकीच्या मांडीवर गेला.

बांधाच्या कडेला मी खड्डा खणला. शेजारची चार माणसं गोळा झाली. धोंडाबाई पदर खोचून पुढं आली.

"काल सकाळपातूर बरं हुतं. सुई टोचली आन गेलं. त्या डॉक्टरला गावात पाय ठिवू दिऊ नगा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. "म्याच बोलावलं त्यास्नी. माज्यामुळं गेला त्यो."

मी माती लोटत होतो. काकी खड्ड्याच्या कडेला उभी होती. ती सुनेच्या बाजूला जाऊन मातीतच बसली.

"तुज्यामुळं न्हाई, सोने. सुईनं बी न्हाई. चार दीस म्या माजी गोळी चारली त्याला. डॉक्टरनं दोन-दोन येळा इचारलं. तुज्यापुढं मान खाली जाईल म्हून म्या खोटं बोलले. त्या बिचाऱ्या डॉक्टरला कुनी काय बोलू नगा."

धोंडाबाईनं तोंडावर हात ठेवला. वहिनीचं रडणं थांबलं. तिनं सासूकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"भावजी, आत्याच्या गोळ्या तुमीच आनता न्हवं?"

"त्याला काय ठावं न्हवतं," काकी लगेच म्हणाली. "त्याला मदी घिऊ नगं."

सगळे माझ्याकडं बघत होते. काकीनं मला सोडवलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्यात तर मी आता तरबेज झालो होतो.

"ठावं हुतं, वहिनी," मी म्हणालो. "डॉक्टरांनी इचारलं तवाबी ठावं हुतं."

वहिनीनं उठून माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं आणि उरलेली माती स्वतः ओढली.