घळीत आधी उतरायचं असतं

ताई जाऊन पाच महिने झाले तरी धाकटीचा नेम मोडला नव्हता. कामावरून यायचं, हातपाय धुवायचे, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवायचे आणि वीस मिनिटं घळीत उतरायच्या मोहिमेची आखणी करायची. दोन वर्षं दोघी बहिणींनी असंच केलं होतं, आता ती एकटी करायची. पाणी किती लागेल, दोरी किती, पहिले दोन दिवस काठावर नुसतं बसून काढायचे, कारण काठच साडेतीन हजार मीटरवर आणि तिथली हवा विरळ. सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढायची. मन मात्र त्यात नसायचं. मन कशातच नसायचं. दात काढताना सुई टोचली की गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, आणि लोक आपले म्हणत होते, "बाई धीराची आहे हो."

परवाना दोघींच्या नावावर होता. घळीत एकट्याला उतरू देत नाहीत, असा तिथला नियम. दुसरं नाव बदलायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही बदललं तर परवाना रद्द, आणि पुन्हा नंबर लागायला तीन वर्षं.

गुरुवारी भावोजी आले. ताईचे यजमान, गाद्या-उशांचं दुकान. माणूसही गादीसारखाच, रुंद आणि मऊ. बूट न काढता दारातच उभे राहिले.

"माझं नाव घाल," म्हणाले.

"कशात?"

"घळीत. तिच्या जागी मी येतो."

धाकटीनं वर पाहिलं. "भावोजी, तुम्ही कोपऱ्यावरचं वर्तमानपत्र आणायला स्कूटर काढता."

"काढायचो. दोन महिने झाले, चालत जातो."

"कोपरा शंभर पावलांवर आहे."

"म्हणून चाळीस फेऱ्या मारतो. पेपरवाला म्हणतो, साहेब, बातमी तीच आहे."

ती हसली नाही. तेही हसले नाहीत. मग खुर्ची ओढून बसले आणि नकाशाकडे बघत बोलले, "घरी असलो की वाटतं ती दुकानात आलीय. दुकानात असलो की वाटतं घरी आहे. दिवसभर माझं आपलं इकडून तिकडे. ती कधी गेलीच नाही अशी एक तरी जागा बघू दे मला. तिथे तरी कळेल, नाही म्हणजे नाही."

धाकटीनं आपलं घळीचं सांगायला घेतलं.

"डोंगर सरळ असतो, भावोजी. आधी दमवतो. दमलं की माणूस मागे फिरतो. घळ लबाड. तिथे आधी उतरायचं असतं. पाय आपोआप पडतात, जसजसं खाली जावं तसा श्वासही मोकळा होतो, माणूस खुशीत तळ गाठतो. बाराशे मीटर. आणि मग तेवढंच चढायचं, दमलेल्या पायांनी, वर वर विरळ होत जाणाऱ्या हवेत. तिथून ज्यांना उचलून आणावं लागतं ना, ते सगळे उतरताना गाणी म्हणत गेलेले असतात."

"मला गाता येत नाही," भावोजी म्हणाले.

तोंडावर नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. हो म्हणणं तर त्याहून अवघड. छप्पन्न वर्षांचा, गादीवर जन्म काढलेला माणूस, आणि उद्या काही झालं तर? हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला खरा, पण परक्याच्या घरची गोष्ट असावी तसा. भीती वाटायला हवी एवढं तिला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं.

"रविवारी या," ती म्हणाली. "माझ्या कामाच्या ठिकाणी. जड बूट घालून."

धाकटी लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची. बाजारपेठेतल्या सोळा मजली कचेरीची देखभाल तिच्याकडे होती आणि रविवारी ती इमारत रिकामी असे. सोळा मजले आणि खाली दोन तळघरं. सकाळीच ती सगळ्यात खालच्या तळघरात गेली आणि पिशवीतली ताईची टोपी तिथल्या रंगाच्या डब्यावर ठेवून आली. कापडी टोपी, मागे शिवून घेतलेलं इलॅस्टिक. घळीसाठी घेतलेली, एकदाही उन्हात न गेलेली. भावोजी त्या टोपीसाठी तळापर्यंत गेल्याशिवाय राहायचे नाहीत, आणि तळापर्यंत गेले की वेळेत वर यायचे नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. आपण होऊन नापास होतील. नाही म्हणायचं पाप आपल्या माथी नको. आपण हे चांगलं करतोय की वाईट, याचंही तिला काही वाटलं नाही.

भावोजी आले ते कोऱ्या करकरीत बुटांत. दोघं लिफ्टनं सोळाव्या मजल्यावर गेली.

"जन्मभर लोकांचा जिना वाचवलास, मेव्हणीबाई," ते म्हणाले, "आणि मेव्हण्यालाच जिना दाखवतेस?"

तिनं नऊ किलोची पाठपिशवी त्यांच्या खांद्यावर चढवली. "वीस मिनिटं. विसाव्या मिनिटाला मला तुम्ही इथे उभे दिसायला हवेत. किती खाली जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." मग जराशानं म्हणाली, "तळघरात ताईची टोपी आहे. डब्यावर ठेवलीय."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि उतरू लागले.

बुटांचा आवाज जिन्यात घुमत राहिला. पंधरावा, चौदावा, तेरावा. मग वळणावळणानं बारीक होत गेला, आणि नाहीसा झाला. गेले टोपीला, ती मनाशी म्हणाली. वायरचे तुकडे निवडायचे राहिले होते, ते निवडत पायरीवर बसली. तांबं एका डब्यात, प्लास्टिक दुसऱ्यात.

दहा मिनिटं झाली. बारा. चौदाव्या मिनिटाला तिनं कान दिला. काहीच नाही. सोळाव्याला उठून कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली नुसती चौकोनी पोकळी, एकात एक गेलेली. हातातला तुकडा सुटला आणि आपटत आपटत खाली गेला, कितीतरी वेळ. कठडा धरलेल्या बोटांत कळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण लोखंड आवळून धरलंय. छाती धडधडतेय.

"भावोजी!" तिनं हाक मारली. आवाज फाटला.

"आलो गं," खालून उत्तर आलं, अगदी जवळून. "ओरडू नकोस. दम खातोय, तोही मोजून खातोय."

ते वळणावर दिसले. चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला, एक हात भिंतीवर. शेवटची पायरी चढून उभे राहिले आणि मनगट पुढे केलं. एकोणीस मिनिटं.

हात रिकामे होते.

"टोपी?"

"आठव्या मजल्यापर्यंत गेलो," ते थांबत थांबत बोलले. "घड्याळ बघितलं. सात मिनिटं झालेली. उतरायला सात, म्हटलं, तर चढायला माझ्यासारख्याला बारा. फिरलो."

"पण टोपी ताईची..."

"तिचीच आहे की. राहील तिथे." ते पिशवीसकट पायरीवर बसले. "तू ती तिथे का ठेवलीस, ते मला पहिल्याच पायरीला कळलं होतं. गाद्या विकतो म्हणून डोकंही कापसाचं नाही माझं."

धाकटीला ओशाळायला झालं. कानांच्या पाळ्या तापल्या. "चुकलं माझं," ती हळूच म्हणाली.

"असू दे. मोह तर झालाच होता. आठव्या मजल्यावर एक पाय पुढे पडलाही होता." त्यांनी कपाळ पुसलं. "ती असती तर गेली असती."

"गेली असती," ती म्हणाली. "अर्ध्यातून फिरणं ताईला कधी जमलंच नाही. तळ बघायचा म्हणजे बघायचाच."

"मग?"

ती त्यांच्या शेजारी बसली. नकाशा पिशवीतच होता, गुडघ्यावर उलगडला. "हे पठार. चारशे मीटर खाली. इथून मागे फिरायचं, पाय कितीही ताजे असले तरी. तळाचं नाव काढायचं नाही. दोघांनीही."

"तिथून तळ दिसतो?"

"नाही. मध्ये कडा येतो."

"बरं," भावोजी म्हणाले. "मला कुठे तळ बघायचाय."

तिनं अर्ज काढला, ताईच्या नावावर एक रेघ मारली, सरळ, पट्टी न लावता, आणि वर त्यांचं नाव लिहिलं. वय लिहिलं. पुढच्या रकान्याशी थांबली. "रक्तगट?"

भावोजींनी खिशातलं पाकीट उघडून बघितलं, मिटलं. "ते तिलाच माहीत असायचं," ते म्हणाले.

"मग उद्या सकाळी आधी रक्त तपासून घेऊ. पाचच्या आत अर्ज गेला पाहिजे. सातला येते मी घ्यायला."

"उपाशी यायचं का?"

"रक्तगटाला उपाशी राहावं लागत नाही."

"ते एक बरं झालं," भावोजी म्हणाले आणि कठड्याला धरून उठू लागले. पहिल्या खेपेला जमलं नाही. धाकटीनं काखेत हात घालून आधार दिला; पिशवीचा पट्टा तिच्या बोटांत रुतला आणि चांगलाच दुखला.