माझ्या पायाखालची फट

मित्रांनो, मी एक जुना पोलादी तुकडा आहे, काड्यापेटीएवढाही नाही. नेमबाजीच्या रायफलीत, जिथे नळी लाकडी दस्त्यात बसते, तिथे मी खाली लपलेला असतो. मला रिकॉइल लग म्हणतात. गोळी सुटली की रायफल मागे उसळते. तो धक्का मी अंगावर घेतो आणि पाठीने लाकडात उतरवतो. नेम लागला की नळीचं कौतुक होतं, चुकला की नेमबाजाला बोल लागतो. माझं नाव कोणी घेत नाही. त्याची सवय झाली हो. पण एकदा मी आतल्या आत फार जळलो, ते ऐका.

सिंगापुरात चोआ चू कांगच्या बाजूला एका नेमबाजी क्लबात पद्माकरकाका रायफली बांधायचे. आधीचं आयुष्य त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेलं. १९९५ साली त्यांनी क्लबातल्या नेमबाज अनघासाठी रायफल बांधायला घेतली आणि मला कानशीने घासून घडवलं. काम करताना टेपवर कीर्तन लावलेलं असे. बुवा आख्यान रंगवू लागले की कानस थांबायची, काका चष्मा काढून डोळे टिपायचे आणि मगच पुढचा हात मारायचे. असा गोड जन्म कुणाला मिळतो?

दस्त्यात त्यांनी माझ्यासाठी खाच कोरली. माझ्या पुढे, खाली आणि दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावली, पाठ तेवढी उघडी ठेवली. चिकटू नये म्हणून सगळ्याला मेण चोळून, खाचेत इपॉक्सी हा दगडासारखा सुकणारा गोंद भरून मला बसवलं. तो सुकल्यावर मला काढून पट्टी सोलली आणि परत बसवलं. आता माझी पाठ घट्ट टेकलेली आणि बाकी चारी बाजूंना कागदाएवढी फट.

अनघाने विचारलं, ही फट कशाला. काका म्हणाले, "टाळकरी बुवांच्या पाठीशी उभे असतात, ते बरं. तेच पुढे येऊन पायात आले, तर बुवांनी नाचायचं कुठे?"

वर्षभर आमचं छान चाललं. मग काका चिपळूणला गेले आणि अनघाचा नवरा प्रबोध क्लबात रायफल साफ करायला बसला. मनाने फार चांगला माणूस. बायकोच्या रायफलीवर त्याचा तिच्याइतकाच जीव. त्याने रायफल खोलली, फट पाहिली, आणि म्हाताऱ्याच्या हातून एवढं राहून गेलं म्हणून हळहळला. बुकित बातोकच्या दुकानातून इपॉक्सी आणून त्याने ती नीट भरून टाकली. एवढीशी गोष्ट, म्हणून बोललाही नाही कुणाला. मी किती आक्रोश केला! पण पोलादाचा आवाज कोण ऐकतो?

आता स्क्रू आवळले की सगळा भार माझ्या पायावर यायचा आणि वरचं पोलाद ताणाने वाकायचं. नळी तापली की एक गोळी वर, एक खाली. नेमक्या त्याच दिवसांत क्लबच्या संघाची निवड होती. तीन फेऱ्या, जागा चार. अनघाच्या पहिल्या दोन्ही फेऱ्या वाया गेल्या. प्रबोध तिच्या कानाशी वाकून सांगत होता, श्वास धर, खांदा सोड, घाई केलीस बघ. मैदान सांभाळणारे मिस्टर लिम दुर्बिणीतून बघून म्हणाले, "टुडे विंड ऑल्सो डोन्ट हॅव, लाह." म्हणजे दोष द्यायला आज वाराही नव्हता. अनघाचा चेहरा पडला.

काका परतले त्या दिवशी तिने रायफल त्यांच्यापुढे ठेवली. "दुसऱ्या कुणाला द्या काका. माझा हातच गेला." प्रबोध समजूत घालायला म्हणाला, "अगं, वय होतं माणसाचं." तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

काकांनी एक स्क्रू सैल केला, तशी नळी लाकडावरून वर उचलली गेली. त्यांनी माझ्या तळाला काजळी फासून मला खाचेत दाबलं आणि उचललं. खाचेचा तळ काळा, म्हणजे मी खाली टेकत होतो.

"इथे हात कुणी घातला?"

"मी, काका. फट राहून गेलीय असं वाटलं."

"राहिली नव्हती रे. ठेवली होती."

मित्रांनो, त्या एका वाक्याने माझा जीव थंडावला. काकांनी भरलेलं सगळं खरवडून काढलं. तिसऱ्या फेरीला अनघाने प्रबोधला प्रेक्षकांच्या दोरीच्या मागे उभं केलं. त्या दिवशी तिच्या गोळ्या पन्नास सेंटच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. मैदानात तिच्याहून सरस कोणी नव्हतं. पण बेरीज तिन्ही फेऱ्यांची होती. चार नावं वाचली गेली, अनघा पाचवी.

"माझ्यामुळे गेलं," प्रबोध म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि नळी पुसू लागली. मग म्हणाली, "रायफल देत नाहीये मी. पुढच्या वर्षीही ये तू. फक्त काही करू नकोस."

तेव्हापासून ती मला नीट जपते. तरी तो हुकलेला संघ मी अजून विसरलेलो नाही. बाळांनो, दुसऱ्याच्या कामात मोकळी जागा दिसली तर माया करा, पण ती बुजवण्याआधी, ज्याने ठेवली त्याला एकदा विचारा. आम्हाला विचाराल, तर आम्हाला सांगता येत नाही.