एका अक्षराचा माणूस

चौथ्यांदा पेन हातातून निसटलं, तेव्हा नर्स विनीनं ते पलंगाखालून उचललं, पुसलं आणि परत रुग्णाच्या डाव्या हातात दिलं. उजवा हात गेला होता, वाचाही गेली होती. त्या माणसानं डोळे मिटून जोर लावला आणि आठवडाभर काढत होता तेच पुन्हा काढलं. एक गोल, आणि त्याच्या पोटातून गेलेली आडवी रेघ. Ө. मग त्यानं विनीकडे असं पाहिलं, की माझं सांगून झालं, आता पुढचं तुम्ही बघा.

मस्कतपासून दोनशे किलोमीटरवरच्या सूर बंदराच्या इस्पितळात त्याला आणलं ते २०१४च्या मार्चमध्ये. हसन नावाच्या कोळ्याला तो भर समुद्रात प्लॅस्टिकच्या पिंपाला धरून तरंगताना सापडला होता. अंगावर फाटकी विजार, जवळ एक कागद नाही. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता. बारीक डोळे, वर आलेली गालाची हाडं, वय असेल पस्तिशीचं. कुठलं जहाज, कुठला देश, काही पत्ता नाही, आणि चौकशीला कुणी आलंही नाही. वॉर्डात सगळे त्याला सात नंबर म्हणत. विनी मात्र भाऊ म्हणायची, तेही आसपास कुणी नसलं तर.

त्याला कारण होतं. विनी वसईची, आणि तिचा धाकटा भाऊ एलरॉय बोटीवर फिटर होता. सहा वर्षांपूर्वी चालत्या बोटीवरून तो नाहीसा झाला. कंपनीनं एक पत्र पाठवलं, एक बॅग पाठवली आणि हात झटकले. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला आई चर्चमध्ये त्याच्या नावानं मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगायला जाते, तेव्हा फादर वही उघडून विचारतात, जिवंतांसाठी की मृतांसाठी? वहीत तसे दोन रकानेच असतात. आई म्हणते, "फादर, नाव तेवढं लिवा." म्हातारीपुढे फादर तरी काय बोलणार? ते एलरॉयचं नाव दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहितात.

एलरॉयही असाच कुठल्यातरी किनाऱ्याला लागला असेल, आणि तिथली नर्स कंटाळून आपल्या घरी निघून गेली असेल, हा विचार सहा वर्षं विनीला आतून पोखरत होता. आपण तसली बाई व्हायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

अक्षर शोधलं ते तिच्या मुलीनं. कॅन्डिस नववीत होती, इंडियन स्कूलमध्ये. आईनं घरी आणलेला कागद तिनं कॉम्प्युटरशेजारी धरला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मम्मी, हा झिरो नाय. सिरिलिक लेटर आहे. रशियनचे लेटर्स असतात ना, तसं. पण रशियनमध्ये हा नाय. मंगोलियामध्ये आहे, बघ."

विनीनं पाहिलं. पडद्यावर मंगोलियातल्या माणसांचे फोटो होते, तेच बारीक डोळे, तीच गालाची हाडं. खाली आणखी बरंच काही लिहिलं होतं. ते वाचायला ती थांबली नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे बुडता पलंगावर होता आणि काडी धरली होती विनीनं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर एक मंगोलियन गाणं लावून त्याच्या कानाशी धरलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. विनीही रडली. मेंदूला मार बसलेली माणसं कशानंही रडतात, चमचा पडला तरी रडतात. रडला म्हणजे समजला असं धरू नका, हे नव्या मुलींना पंधरा वर्षं तीच शिकवत आली होती. पण शिकवलेलं दुसऱ्यांसाठी असतं.

वॉर्डची प्रमुख सफिया सूरचीच, शांत बाई. चौकशीच्या कागदावर देशाचा रकाना भरल्याशिवाय तो पुढे जात नाही, असं तिनं आधीच सांगितलं होतं. विनीनं मंगोलिया लिहून आणल्यावर तिनं विचारलं, "खात्री आहे?"

"तो रडला," विनी म्हणाली.

सफियालाही ते रडणं ठाऊक होतं. तरी इन्शाल्ला म्हणून तिनं सही केली. मंगोलियाची वकिलात मस्कतला नव्हती, त्यामुळे कागद दुसऱ्या देशातून फिरून जाणार होते.

एकोणीस दिवस गेले. मधल्या काळात त्याच्या छातीत कफ साठला, ताप चढला. तरी तो हातानं पेन मागायचा. विनीला वाटायचं, आता उगाच कशाला शिणवायचं ह्याला. "समजलं, भाऊ. कळवलंय तुझ्या घरी," असं म्हणून ती पेन आपल्या खिशात ठेवून द्यायची. ती पलंगाजवळ आली की त्याचा डावा हात तिच्या खिशाकडे यायचा. ती तो हात हळूच खाली ठेवून पांघरूण नीट करायची.

मंगळवारी दुपारी तो गेला.

उत्तर आलं गुरुवारी. या वर्णनाचा आमचा कोणीही माणूस बेपत्ता नाही, असं त्यात होतं. खाली तिथल्या कुणा सज्जन कारकुनानं स्वतःहून चार ओळी लिहिल्या होत्या. हे अक्षर आमच्याकडे आहे, तसंच कझाक, किरगीझ, तातार, बाश्कीर, तुवा आणि याकूत भाषांतही आहे. एवढ्यावरून माणूस कुठला ते कळणार नाही. रुग्णाला कृपया पुढचं अक्षर लिहायला सांगावं.

सफियानं तो कागद वाचून विनीला दिला आणि खुर्ची पुढे सरकवली. विनी बसली नाही. तिचा हात खिशात गेला होता आणि तो बाहेर काढायची तिला हिंमत होत नव्हती. आपण कंटाळून घरी गेलो नाही, हे खरं होतं. तिथेच राहिलो आणि त्याच्या तोंडचं नाव काढून घेतलं. हे त्या दुसऱ्या बाईपेक्षा वाईट होतं, आणि आता त्यावर काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ती बसनं मस्कतला, रुवीच्या चर्चमध्ये गेली. मिस्साच्या चिठ्ठीवर इथेही दोन रकाने होते. त्याचा देव कोणता, हेही तिला ठाऊक नव्हतं. खिशातल्या त्याच पेनानं तिनं मृतांच्या रकान्यात गोल काढला आणि त्यातून रेघ ओढली. टेबलामागच्या म्हाताऱ्यानं चष्मा वर करून विचारलं, हे काय?

"नाव आहे," ती म्हणाली. "पुरं नाही."

मग तिनं दुसरी चिठ्ठी मागून घेतली. एलरॉयचं नाव पुरं लिहिलं, आडनावासकट, मृतांच्या रकान्यात. अक्षर कुठेही हललं नाही. आईला काय सांगायचं, ते बसमध्ये ठरवता येणार होतं.

ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा म्हाताऱ्यानं मागून हाक मारली, "सिस्टर, तुमचं पेन राहिलं."

"माझं नाही ते," विनी म्हणाली, आणि उन्हात बाहेर पडली.