कास्तेल्वेंतोतला पेशंट

इटलीला जायचं चैतन्यनेच ठरवलं. त्याच्या बायकोच्या, पूर्वीच्या, हॉस्पिटलमधल्या मीटिंगला अजून पाच दिवस होते आणि डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या घरात ती दहा मिनिटंसुद्धा एका जागी बसत नव्हती. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, मेल उघडून बंद करायची.

पूर्वी डब्लिनच्या एका हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीत डॉक्टर होती. मार्चमध्ये डेक्लन नावाचा एकसष्ट वर्षांचा बस ड्रायव्हर कंबर दुखते म्हणून तिच्याकडे आला. त्या दिवशी कॉरिडॉरमध्येसुद्धा पेशंटच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. तिने त्याला खुर्चीतच तपासलं, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली होती, ती फुटली. आता त्याच्या बायकोने, मॉराने, त्या डॉक्टरला भेटायचंय असं कळवलं होतं. विचारतील तेवढंच बोल, असं वरिष्ठांनी पूर्वीला बजावलं होतं.

कास्तेल्वेंतो हे डोंगराच्या टोकावरचं जुनं गाव. चाच्यांच्या भीतीने लोकांनी समुद्र सोडून वर घरं बांधली होती, एकमेकांना टेकून, मधे दगडी कमानी. गाडी पायथ्याशीच थांबते, पुढे सगळ्या पायऱ्या. चैतन्य बुरुजापाशी थांबून पाटी वाचत होता, खाली निळा समुद्र पसरला होता, आणि पूर्वी चर्चपर्यंत जाऊन परत येत होती. तिच्या तीन फेऱ्या झाल्या. काय पाहिलंस असं विचारलं असतं, तर तिला एकही कमान सांगता आली नसती.

चौथ्या वेळी ती एका दारापाशी थबकली. बाकावर एक म्हातारा दोन्ही हातांनी कंबर दाबून बसला होता.

तिने फोनवरच्या भाषांतरातून विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखतंय? सकाळपासून. पोटाकडे जातं का? थोडंसं. सिगारेट? पन्नास वर्षं. त्याचं नाव एत्तोरे, वय चौऱ्याहत्तर. तिने त्याला बाकावर आडवं व्हायला लावलं आणि पोटावर हात ठेवला. ठोके लागत होते. बारीक माणसात ते तसेही लागतात, हे तिला माहीत होतं. तरी हात उचलवेना.

अँब्युलन्स वर येऊ शकत नव्हती. मग तिने शेजाऱ्यांना गोळा केलं. तिघांनी एत्तोरेला खुर्चीवर बसवून दोनशे पायऱ्या खाली नेलं. तो रस्ताभर कुरकुरत होता, त्याची बायको मागून ओरडत होती, आणि पूर्वी एका हाताने त्याची नाडी धरून शेजारून उतरत होती.

चैतन्यने हळूच विचारलं, "साधी कंबरदुखी निघाली तर?"

"निघू दे."

साधी कंबरदुखीच निघाली. खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. रक्तवाहिनी ठीक होती. सकाळी त्याने तेलाचे कॅन वर चढवले होते, त्यामुळे लचक भरली होती. पुढची दहा वर्षं हा गावाला हीच गोष्ट सांगणार, असं त्याची बायको भाषांतरासाठी फोनमध्ये बोलली आणि हसली. एत्तोरेने पूर्वीचा हात दोन्ही हातांत घेतला. तो रागावला नव्हता. खरं तर त्याची मजाच झाली होती.

पूर्वी बाहेर येऊन पार्किंगच्या कठड्यावर बसली. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

"याला मी आडवं झोपवलं," ती म्हणाली. "डेक्लनला नाही. फरक एवढाच, की त्या दिवशी मला घाई होती."

गेले दोन महिने चैतन्य तिला, तुझी चूक नव्हती, असं सांगत आला होता. या वेळी तो नुसता शेजारी बसला.

मंगळवारी डब्लिनमध्ये एका छोट्या खोलीत मॉरा समोर आली. साठीची बाई, मांडीवर कोट घट्ट धरलेला. वरिष्ठांनी प्रस्तावना सुरू केली, पण पूर्वीने मधेच सांगून टाकलं की मी त्यांचं पोट तपासलं नाही. तपासायला हवं होतं. तपासलं असतं तर कदाचित वाचले असते, कदाचित नसते. मला माफ करा, असंही ती म्हणाली. वरिष्ठ तिच्याकडे बघत राहिले.

मॉराने माफीचं बाजूला ठेवलं. तिने विचारलं, "तो तुझ्याशी काय बोलला? मी त्या आठवड्यात कॉर्कला बहिणीकडे होते. फोनवर मला म्हणाला, सगळं ग्रँड आहे, काळजी करू नको."

पूर्वीला डेक्लनला तपासलेल्या त्या दहा मिनिटांतला शब्द न् शब्द पाठ होता. तिने सांगितलं, की डेक्लन हिरव्या रंगाबद्दल बोलत होता. बायको परत यायच्या आत किचनमधले सगळे प्रेस, म्हणजे कपाटं, रंगवायचे, तिला कळू द्यायचं नाही. खाली वाकून रंगवल्यामुळेच कंबर धरली असणार, असं तोच म्हणाला होता आणि मी ते मानलं.

मॉराने मान खाली घातली. तिचा कोट हलायला लागला, तेव्हा ती रडते आहे हे कळलं.

"कपाटांची दोन दारं रंगवायची राहिली आहेत," ती म्हणाली. "मला वाटलं, कंटाळून सोडली असतील."

पूर्वी उठली आणि तिच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली. मॉराने तिला जा म्हटलं नाही.