सत्यबाणाचा रेटा

सकाळी आठलाच मैदान भरलं होतं. लोक भिंतींवर, टेम्पोच्या टपांवर आणि एकमेकांच्या पायांवर उभे. मधोमध एक लोखंडी सळई, तिच्यावर चढवलेला लालभडक सत्यबाण, म्हणजे पुठ्ठ्याचं रॉकेट, आणि शेजारी पांढऱ्या झग्यातले बाणमहाराज.

"बाणाला डोळे नसतात," महाराज माईकवर म्हणाले. "तो तोंड बघून न्याय करत नाही. पोटात नावाची चिठ्ठी घेतो. माणूस खरा, तर ढगाला भिडतो. पापी, तर मातीत तोंड खुपसतो."

गर्दीत पहिल्या रांगेत रंगारीण उभी होती. गॅरेजात गाड्या रंगवणारी ही बाई. दोन महिन्यांपूर्वी इथेच तिच्या ताईचं नाव बाणात घातलं होतं. ताई बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. एका आठवड्यात दोन बाळं दगावली, कुणीतरी तिच्या हाताला दोष दिला आणि बाण मातीत रुतला. वीस वर्षं बाळं झेललेले हात दुसऱ्या दिवसापासून कोठीत चादरींच्या घड्या घालू लागले. ताई रडली नाही. फक्त धाकट्या बहिणीचं, रंगारणीचं, लेकरू उचलायचं तिने बंद केलं. रंगारणीला तेवढं पुरलं.

महाराजांची चूक साधी होती. बाण चकाकावेत म्हणून त्यांनी सगळ्यात सफाईदार हात शोधला आणि तो कुणाचा हे विचारलं नाही. रंगवणारीकडे बघतंय कोण? रंगारीण दहा वर्षं सुट्टीच्या दिवशी पुठ्ठ्याची रॉकेटं बनवते, पंख घासते, प्रायमर मारते, रंगाचे पातळ हात देते, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. महाराजांचा शिष्य इतका आळशी, की त्याने मोटरी न काढताच बाण तिच्याकडे रंगायला पाठवले. मोटर म्हणजे दारू ठासलेली नळी. साऱ्या नळ्या जुळ्या बहिणी. पण काहींच्या बुडाला खिळ्याचा बारीक ओरखडा होता.

आज पाळी एका शिंप्याची होती. त्याच्या बाणाचं बूड रंगारणीने वाकून पाहिलं. ओरखडा होता.

"महाराज, आधी तुमचं नाव घाला," ती म्हणाली. "आधी गुरू, मग आम्ही."

"बाई बरोबर बोलतेय," एक आजोबा म्हणाले.

महाराज हसले. "का नाही? शिष्या, दुसरा बाण आण."

"दुसरा कशाला?" रंगारीण म्हणाली. "याला डोळे नाहीत ना?"

गर्दीत खसखस पिकली. महाराजांना चिठ्ठी लिहावीच लागली. बाण फुसफुसत, रांगत निघाला, सळई सुटताच कलला आणि महाराजांच्या पायाशी नाक खुपसून बसला.

"तुमची पापं मी अंगावर घेतली," महाराज घाईने म्हणाले, "म्हणून पडला."

रंगारणीने पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, त्यावर लोखंडी शिकंज्यात रंगायला आलेल्या बाणांतली एक बिनओरखड्याची मोटर उलटी आवळली, लोकांना वीस पावलं मागे रेटलं आणि लांब तारेने पेटवली. काटा तीन किलोवर गेला. मग ओरखड्याची मोटर लावली. काटा कसाबसा सातशे ग्रॅमवर.

"बाणाचं वजन चारशे ग्रॅम," ती म्हणाली. "सळई सोडतानाच वेग हवा, तर पंख त्याला सरळ धरतात. त्यासाठी रेटा वजनाच्या पाचपट तरी लागतो. इथे दुप्पटही नाही. सांगा महाराज, काट्यावर कुणाचं पाप होतं? यात तर कुणाची चिठ्ठीच नव्हती."

महाराज झगा आवरून निघाले. तिने वाट अडवली.

"बसा. मातीत घातलेली नावं माईकवर वाचा. प्रत्येकापुढे म्हणा, ओरखडा होता."

"बाई, माणुसकी ठेवा."

"वाचा."

तिने पिशवीतली यादी पुढे धरली. एकतीस नावं होती. तिने एकही गाळू दिलं नाही. महाराजांचा आवाज बसला तेव्हा पाणी दिलं आणि पुढचं नाव दाखवलं. ताईचं नाव तिने दोनदा वाचायला लावलं.

मग माईक हातात घेतला. "त्या बाळांना काय झालं होतं, हे अजून कुणी शोधलेलं नाही. बाणाने उत्तर दिलं, म्हणून डॉक्टरांना कुणी विचारलंच नाही. उद्या आणखी एक बाळ गेलं, तर कुणाची चिठ्ठी घालणार? आधी तपासा, मोजा. कळत नसेल तर कळत नाही म्हणा."

एक पोटुशी बाई पुढे आली. "नर्सताईंना सांगाल का, आमचं चुकलं म्हणून?"

"घर माहीत आहे तुम्हाला," रंगारीण काटा पिशवीत भरत म्हणाली. "दगड मारायला आला होतात तेव्हा कुणाला पत्ता विचारावा लागला नव्हता. स्वतः जाऊन सांगा."